भावाच्या हातचं ताक

वजनकाट्यावर चढताना मी चपला काढायचे, घड्याळ काढायचे, केसांतला चापसुद्धा काढून नवऱ्याच्या हातात द्यायचे. काट्याजवळची मुलगी हसायची. "मावशी, एवढ्यानं काय होणारे?" काही होत नाही हे मलाही कळत होतं. शाळेच्या ऑफिसात आकडे लिहिण्यात जन्म गेला माझा, ग्रॅम आणि किलोतला फरक मला कुणी शिकवायला नको. पण त्या काट्यानं मला इतकं पिडलं होतं की माझा एक चाप जरी त्याच्या बाजूला गेला तरी अन्याय झाल्यासारखं वाटायचं.

मला पंचाहत्तरच्या खाली यायचं होतं आणि सुरुवात चौऱ्याऐंशीवर होती. बारीक दिसायची हौस नव्हती. ती हौस दोन बाळंतपणांनी आणि खुर्चीच्या नोकरीनं कधीच फेडून टाकली होती. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि माझी एक त्याला द्यायचं ठरलं होतं. आमचे आईवडील राहिलेले नाहीत. भावजयीला साखर. त्याची मुलगी अजून कॉलेजात. उरले मी. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि गाडं येऊन अडलं ते माझ्या पोटाच्या घेरापाशी.

नव्या मुंबईच्या हॉस्पिटलातले डॉक्टर गोड बोलणारे नव्हते. "एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीवर तुम्हाला आयुष्य काढायचंय," ते म्हणाले. "एवढं वजन तिच्यावर टाकून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. नऊ किलो उतरवा, मग बोलू." भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. तो खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टरांनी मला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या मुलीच्या वयाची पोर. पण शहाणी होती. मी शाळेतल्या एका शिक्षिकेनं मोबाइलवर दाखवलेला व्हिडिओ तिला सांगितला, की अमुक प्रोबायोटिक घेतलं की महिन्यात पोट आत जातं. ती हसली नाही. तिनं मला नीट समजावलं. आपल्या आतड्यांत जिवाणूंची वस्ती असते, काही कामाचे, काही उपद्रवी. कामाचे वाढले की पचन सुधारतं, पोट साफ राहतं, कुणाला वजन उतरवायलाही थोडा हातभार लागतो. "थोडा," ती म्हणाली. "आणि तोही सगळ्यांना नाही. काकू, जिवाणू तुमचं वजन उतरवणार नाहीत. कमी खाणं आणि चालणं उतरवेल. हे फक्त सोबतीला." मग तिनं कागदावर लिहून दिलं: रोज पाऊण तास चालणे, भात एक वाटी, रात्री भाकरी एक. दिवसाला एक कॅप्सूल. आणि घरच्या विरजणाचं ताजं ताक, दोन ग्लास, लोणी काढलेलं. 'लोणी काढलेलं' या शब्दांखाली तिनं रेघ मारली होती. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

कॅप्सूलची डबी फ्रिजच्या दारात ठेवायची होती, कारण आतले जीव जिवंत राहायला हवेत. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं, सगळ्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आलेले, त्यात हे पोटातले बिऱ्हाडकरू. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, बोलतो कमी, पण बोलला की टोचतो. "एवढे जिवाणू आत सोडलेस," तो म्हणाला, "त्यांचं वजन कोण वजा करणार?" तोच नवरा पहाटे साडेपाचला उठून माझ्याबरोबर शिळफाट्यापासून चालायला येत होता, हेही लिहायला हवं. ट्रकांचा धूर खात आम्ही दोघं न बोलता चालायचो.

ताकाचं मात्र भावानं स्वतःकडे घेतलं. मी राहते खोपोलीजवळच्या शिळफाट्याला, माझी शाळा चौकला आणि भावाचं घर शाळेच्या थोडं पुढे, लोधिवलीत. आजारी पडायच्या आधी त्याचा दुधाचा टेंपो होता. गावागावांतून दूध गोळा करून खोपोलीतल्या हॉटेलांना घालायचा. बोट बुडवून दुधात पाणी किती ते सांगायचा आणि हॉटेलवाल्यांनाही ते मान्य असायचं. टेंपो आता दुसऱ्याच्या हातात होता. घरची एक म्हैस विकली, एक राहिली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो कर्जतला डायलिसिसला जायचा, चार तास मशीनला जोडून पडायचा आणि परत येऊन उरलेला दिवस झोपून काढायचा. मधल्या दिवशी करायला काहीच नसायचं. गोठ्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेला असायचा.

मी त्याला आहाराचा कागद वाचून दाखवला तेव्हा कितीतरी दिवसांनी तो खुर्चीत सावरून बसला.

"ताक मी करतो," तो म्हणाला. "तुझ्याकडं पिशवीचं दूध. त्याचं ताक म्हंजे निस्तं धुवान. सकाळी शाळेत जाताना एक पी, येताना एक पी."

"तुला कशाला त्रास?"

"मला काय काम हाय दुसरं?"

विरजणाचा त्याचा हात खरंच चांगला. दूध किती कोमट हवं ते करंगळीवर कळायचं त्याला. थंडीत पातेलं गोणपाटात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचा. माझ्या वजनाचं काय व्हायचं ते होवो, त्याला सकाळी उठायला कारण मिळालं याचंच मला जास्त बरं वाटलं. पिणं मात्र त्याला स्वतःला मना होतं. किडनी काम करत नाही म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच साचतं. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. त्यासाठी त्यानं एका बाटलीवर खडूनं रेघा मारल्या होत्या. ताकावर तर दूधदुभतं म्हणून वेगळाही निर्बंध. एके काळी जेवणावर तांब्याभर ताक रिचवणारा माणूस, तो माझ्यासाठी घुसळायचा आणि थेंब तोंडात न घालता फक्त वास घेऊन ठरवायचा. मी एकदा म्हटलं, चव तरी बघ चमचाभर. "माझ्या पान्यात बसत नाय ते," तो म्हणाला. त्याच्यासमोर गटागटा ताक प्यायची मला लाज वाटायची. मी भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

गणपतीनंतर हे सगळं सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत चार किलो उतरले. ब्लाउज सैल झाले. शाळेत सगळ्या म्हणाल्या, काय जादू केलीत? मी म्हटलं, जादू नाही, उपासमार आहे. पण आतून मलाही त्या कॅप्सूलचं आणि ताकाचं कौतुक वाटायला लागलं होतं. आहारवाल्या पोरीनं कितीही बजावलेलं असो, माणसाला श्रेय द्यायला काहीतरी लागतं, आणि स्वतःच्या भुकेला श्रेय द्यायचं कुणाला सुचत नाही. भाऊबीजेला मी भावाला ओवाळलं आणि सांगितलं, "चार गेले. आणखी पाच की तारीख घेऊ." त्यानं ताटात ओवाळणी टाकली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

त्यानंतर काटा जो ऐंशीवर रुतला तो हलेना.

डिसेंबरात ऐंशी. जानेवारीत ऐंशी आणि वर अर्धा. मी रात्रीची भाकरी बंद केली. चालणं तासाभराचं केलं. गुडघे बोलायला लागले. संक्रांतीला तिळाचा एक लाडू खाल्ला आणि तो लाडू आठवडाभर मनात सलत राहिला. घरी मुलांवर ओरडायचे, शाळेत दाखल्यांवर चुकीचे सन घालायचे. भूक लागली की माणूस हलका होतो असं मला वाटायचं. तसं काही नाही, माणूस खाष्ट होतो. ज्या दिवशी काही करून ताकावरच निभावायचे, त्या दिवशी ते ताक मात्र फार गोड लागायचं. दाट, घशाला धरून उतरणारं. पोट भरल्यासारखं वाटायचं. मी भावाला म्हणायचे, हल्ली तुझं विरजण फारच छान लागतंय. तो पेला माझ्या हातातून घेऊन मोरीत ठेवायचा.

आहारवाली पोर वही उलटसुलट बघायची. "काकू, काही लपवत नाही ना?" ती एकदा म्हणाली. मला इतकं लागलं की मी तिच्यासमोर रडले. बिचारीनं पाणी दिलं. कॅप्सूल बदलून दिली. म्हणाली, कधी कधी शरीर हट्टाला पेटतं, धीर धरा.

आणि आता हे लिहायलाच हवं. त्या दिवशी रडून झाल्यावर परत येताना बसमध्ये मला झोप लागली. गाढ. पनवेल गेलं, शेडुंग गेलं, मला पत्ता नाही. नवऱ्यानं लोधिवलीला हलवून उठवलं, भावाकडे उतरायचं म्हणून. मी भावाला सांगितलं, "नाही रे उतरलं. पुढच्या महिन्यावर गेलं." तो म्हणाला, "ऱ्हाऊदे. च्या घे." बिनसाखरेचा हवा हे मी विसरले आणि साखरेचा चहा पिऊन टाकला.

फेब्रुवारीत त्याच्या हाताची शीर बंद पडली. डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून फुगवलेली शीर असते, ती गेली की दुसरी करेपर्यंत मानेत नळी घालतात. ती नळी आणि तिच्यावरची पांढरी पट्टी घेऊन तो खुर्चीत बसलेला दिसला. त्याच्याकडे किती वेळ आहे हे कुणी सांगत नव्हतं. डॉक्टर नुसतं म्हणाले, लवकर करता आलं तर बरं. म्हणजे माझं पोट लवकर आत गेलं तर बरं. मी त्या रात्री जेवलेच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तूच आडवी झालीस तर त्याला काय देशील?" त्यांचंही बरोबरच होतं.

होळीच्या आदल्या दिवशी भावजयीचा फोन आला. "वन्सं, येताना शिळफाट्यावरनं तुपाची बरणी आना. पोळ्यांना तूप नाय घरात."

मला आधी कळलंच नाही. त्या घरात बारा महिने घरचं तूप. माझ्या बाळंतपणात तिथूनच डबा आला होता. "म्हैस आटली का?" मी विचारलं.

"नाय गं, दूध हाय की. लोनीच येत नाय. तेच घुसळतात ना आता, मला हात लावू देत नायत. म्हनतात, म्हशीच्या दुधात दमच ऱ्हायला नाय. दिवाळीपासनं तूप कढवलं नाय मी."

मी तूप नेलं. होळीला पोळी खाल्ली नाही, तुपाचा वासही घेतला नाही, पण दिवाळी हा शब्द डोक्यात फिरत राहिला. दुधाच्या धंद्यातल्या माणसाच्या घरी चार महिने लोणी येत नाही आणि तो म्हशीला दोष देऊन गप्प बसतो? तो तर डॉक्टरांना बोलावून म्हशीची नाडी बघायला लावेल असा माणूस. मग मला पेला आठवला. हल्ली माझ्या ताकाच्या पेल्याचा ओशटपणा थंड पाण्यानं निघत नाही, भावजय गरम पाणी घालून घासते, हे मी कितीदा बघितलं होतं. बघितलं होतं आणि त्याचं मी काहीच केलं नव्हतं.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. एरवी पोरं गेल्यावरही मी ऑफिसात दुपारपर्यंत बसते. त्या दिवशी घंटा झाल्याझाल्या निघाले आणि रिक्षा पकडून लोधिवलीला उतरले. भावजय नदीवर कपडे घेऊन गेली होती. मागच्या पडवीत मिक्सरचा आवाज येत होता.

रवी खुंटीला टांगलेली होती. तो पाटावर बसून मिक्सरच्या भांड्यात दही घालत होता, आणि शेजारच्या वाडग्यातली आठवडाभराची साठवलेली साय चमच्याचमच्यानं त्यात टाकत होता. वर कोमट पाणी. गार पाणी घालून घुसळलं तर लोणी गोळा होतं, वर येतं, दिसतं. कोमट पाणी घालून मिक्सर जरासाच फिरवला तर ते ताकातच जिरून राहतं. हे त्याला माहीत असणारच. मानेतल्या नळीला धक्का लागू नये म्हणून तो पाठ ताठ ठेवून वाकत होता. एवढ्या काळजीनं ते सगळं चाललेलं होतं.

मी दारातच उभी राहिले. त्यानं बटण बंद केलं आणि मला बघितलं.

"आज लौकर सुटलीस?"

मी वाडगा उचलला, बघितला, खाली ठेवला. मला इतका राग माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. पहाटेचं चालणं, गुडघे, मुलांवरची खेकसणी, उपाशीपोटी लागलेल्या झोपा, ती आहारवाली पोर मला लबाड समजली ते, सगळं एकदम उसळून आलं. माझी चार महिन्यांची भूक यानं सायीत घोळून मलाच परत पाजली होती.

"का?" एवढंच मला विचारता आलं.

"नको मला तुझी किडनी."

"मग तसं बोलायचं होतंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"बोललो असतो तर तू ऐकनार होतीस? सगळ्यांनी ठरवलं. तू, तुझा नवरा, ही, डॉक्टर. मला कोनी इचारलं? घ्यायची मला हाय ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढवायचं त्राणच नव्हतं त्याच्यात. "डॉक्टरनीच नाय म्हटलं असतं तर कुनावर बोल आला नसता. तुझ्यावर नाय, माझ्यावर नाय. वजनावर गेलं असतं."

"आणि तू मेलास तर तेही वजनावर गेलं असतं?"

त्यानं भांड्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "भाऊबीजेला चार उतरलं म्हनालीस तवा तुझा चेहरा बघितला मी, ताई. आनि मंग उतरलं नाय म्हनून सांगाया आलीस, तवा बी बघितला."

मी खाली बसले, ओल्या फरशीवरच.

कारण तो खरं बोलत होता. ती बसमधली झोप आठवली. दर महिन्याला काटा नाही म्हणायचा आणि मी रडायचे, पण रडण्याच्या खाली कुठेतरी सुटका असायची. आणखी एक महिना माझं पोट कुणी फाडणार नाही. आणखी एक महिना माझ्या दोन्ही किडन्या माझ्या. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आणि ज्याला कधीच कळू नये, त्याला ते पहिल्याच नजरेत कळलं होतं. दुधातलं पाणी ओळखणारा माणूस तो, त्याच्यापासून काय लपणार होतं. त्यानं मला त्या भीतीतून बाहेर पडायला वाट करून दिली होती, आणि मी रोज दोन पेले ती वाट पीत होते.

"भीती वाटते मला," मी म्हटलं. "खोटं बोलत नाही. भुलीचं इंजेक्शन देतील आणि मी उठणारच नाही असं वाटतं. पोरांचं कसं होईल वाटतं."

"म्हनून तर."

"म्हणून तर काय? भीती वाटते म्हणजे द्यायची नाही असं कुठं म्हटलं मी? दोन्ही आहे. भीती पण आहे आणि द्यायची पण आहे."

बाहेर म्हैस गोठ्यात अंग झाडत होती. मी उठले, मिक्सरच्या भांड्यातलं ताक म्हशीच्या पाटीत ओतलं आणि खुंटीवरची रवी काढली. "उद्यापासून मी घुसळणार," मी म्हटलं. "तुझ्यासमोर बसून. तू फक्त विरजण लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा दही लागलेलं होतं आणि शेजारी गार पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

आहारवाल्या पोरीला मी सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. मग म्हणाली, "जिवाणू तर होतेच त्या ताकात, काकू. त्यांनी त्यांचं काम केलंच असेल. पण सोबत रोज एवढी साय आत गेल्यावर ते बिचारे काय करणार?" तिनं वहीतलं मागचं पान उघडलं आणि मला जे बोलली होती त्याबद्दल माफी मागितली. मला ते फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत कुठल्या हॉस्पिटलात कुणी माझी माफी मागितल्याचं आठवत नाही.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत. सकाळी चालणं, मग लोधिवली, मग रवी. वीस मिनिटं घुसळायचं, गोळा वर आला की काढून भावजयीच्या हातात द्यायचा आणि खाली राहिलेलं पांढरं पाणी प्यायचं. त्या ताकाला काही चव नव्हती. मीठ कमी घालायचं होतं, त्यामुळे उरलीसुरलीही गेली. भाऊ समोर बसून बघायचा. "जोरात नको. सावकाश, लय धर," एवढंच सांगायचा. त्या दिवसाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. कॅप्सूल चालूच होती. तिनं काय केलं, ताकानं काय केलं आणि रवीनं माझ्या दंडांचं काय केलं, हे वेगळं सांगता येणार नाही. किलो, अर्धा किलो, कधी काहीच नाही. भावाच्या हाताला दुसरी शीर तयार झाली, मानेतली नळी निघाली. भावजयीचा तुपाचा डबा भरला. तिला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही, आणि तिनंही म्हशीला एकदम दम कसा आला ते विचारलं नाही. तिला कळलं असणार. बायका असल्या गोष्टी विचारत नाहीत.

नवरात्राच्या आधी काट्यावर चढले आणि आकडा आला चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. चाप केसांतच होता, काढायचा विसरले होते. मी दोनदा उतरून दोनदा चढले. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या लिहून दिल्या, त्याही नीट आल्या. मग त्यांनी कागद दिले. माझ्या सह्या झालेल्या होत्या. दुसरा कागद भावाचा, घेणाऱ्याचा. तो गेलं वर्षभर त्यानं या ना त्या कारणानं टाळला होता. कधी चष्मा नाही, कधी मुलगी येऊदे, कधी बघू. डॉक्टर म्हणाले, "याच्याशिवाय मला काही करता येत नाही. त्यांना तयार व्हावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन लोधिवलीला गेले. त्याच्या खुर्चीशेजारी, रेघा मारलेल्या बाटलीखाली ठेवला. बोलायचं जे होतं ते पडवीत बोलून झालं होतं, आणि आता पुन्हा तेच बोलायला अंगात जोर नव्हता. नेहमीसारखी पाटावर बसले, घुसळलं, लोणी काढलं, पेला भरला.

"आन इकडं," तो म्हणाला.

मला वाटलं पेला धुवायला मागतोय. त्यानं पेला हातात घेतला, उजेडाकडे धरला, हलवून बघितला. मग बाटली उचलली. तिच्यातलं सकाळचं पाणी एका रेघेपुरतं त्यानं खिडकीबाहेर ओतून दिलं. जेवढं ओतलं तेवढंच ताक वाटीत घेतलं आणि प्यायला. वर्षभरात पहिल्यांदा. डोळे मिटून, तोंडात बराच वेळ धरून.

"पानी हाय निस्तं," तो म्हणाला.

"मग? लोणी काढलेलं आहे."

"भ्या वाटतं अजून?"

"वाटतं."

"मला बी." त्यानं वाटी खाली ठेवली. तोंड पुसलं. मग आत बायकोला हाक मारून चष्मा मागितला, बाटलीखालचा कागद काढून मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, सावकाश वाचायला लागला. मी तिथंच पाटावर बसून राहिले. शाळेला उशीर होत होता, पण उठवत नव्हतं.